पॉइंट काढले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं: रोजच्या बीटलवर दोन वर्षांचा अनुभव

आधीच सांगते, ज्यांची जुनी गाडी कव्हरखाली झोपलेली असते आणि महिन्यातून एकदा रविवारी पुसून बाहेर निघते त्यांना हा रिव्ह्यू फारसा कामाचा नाही. माझी फोक्सवॅगन बीटल 1972 ची आहे, 1300 मॉडेल, म्हणजे 1285 सीसी आणि कागदावर 44 हॉर्सपॉवर (त्यातले आता किती उरलेत ते देवाला माहीत). घरात दुसरी गाडी नाही. ऑफिस, मुलीची शाळा, बाजारहाट, पाऊस, ट्रॅफिक सगळं हिच्यावरच. त्यामुळे मी कुठलाही पार्ट घेताना एकच बघते, सोमवारी सकाळी आठ वाजता गाडी चालू होणार का. पिकअप किती वाढला वगैरे नंतर.

रिव्ह्यू आहे तो डिस्ट्रिब्युटरच्या (चारही प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) आत, पॉइंटच्या जागी बसणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक इग्निशन किटचा. कंपनीचं नाव घेत नाही कारण या प्रकारची सगळी किट आतून जवळजवळ सारखीच असतात, आणि मला जो त्रास झाला तो किटपेक्षा माझ्याच गाडीमुळे झाला, ते पुढे येईलच.

ज्यांनी कधी पॉइंट बघितलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारा छोटा स्विच, आणि कॉइल बॅटरीचा व्होल्टेज स्पार्क पडण्याइतका वाढवते. कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत चार्ल्स केटरिंगची, 1910 च्या सुमाराची. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट फिरतो, त्याच्यावरचा कॅम पॉइंट उघडतो, पॉइंट उघडले की कॉइलचा करंट तुटतो आणि प्लगला स्पार्क मिळतो. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमला असताना हे सेकंदाला शंभर वेळा होतं. शंभर! एवढासा तो फायबरचा तुकडा कॅमवर घासत राहतो आणि झिजतो, तो झिजला की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायचा क्षण, मागे पडतं. हे इतकं हळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. मग एक दिवस चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागते आणि तेव्हा लक्षात येतं की अरे, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) हातात घेऊन किती महिने झाले.

बीटलला गॅप 0.4 मिलिमीटर. हे काम मला येतं, आवडतंही, पण दर चार-पाच हजार किलोमीटरला, तेही पेट्रोल पंपावर किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये वाकून करायची वेळ आली की आवड संपते. त्यात नवीन मिळणारे कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, त्यांच्यातली ठिणगी दाबणारा छोटा भाग). मागच्या तीन कंडेन्सरपैकी एक वर्षभर टिकला, एक दोन महिन्यांत गेला आणि एक डबीतून काढला तोच मेलेला होता. कंडेन्सर गेला की पॉइंटमध्ये ठिणग्या उडतात, पॉइंट जळतात आणि स्पार्क अगदी मरगळलेला येतो. शेवटी मी पॉइंटला कंटाळले नाही, कंडेन्सरला कंटाळले असं म्हणा.

आमच्या मेस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, पॉइंट वाईट काय आहेत? बिघडले तर दिसतात तरी. त्या काळ्या डबीत काय बिघडलं ते तिच्या बापाला पण कळणार नाही." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता फिटिंग. किटबरोबरच्या कागदावर वीस मिनिटं लिहिलंय, मला दीड तास लागला. त्यातला पाऊण तास एका स्क्रूसाठी. कॅपच्या दोन क्लिपा काढा, रोटर वर ओढून काढा, पॉइंट धरणारा एक स्क्रू सोडवा, इथपर्यंत सोपं आहे. तो स्क्रू मात्र तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा असतो आणि स्क्रूड्रायव्हरला चुंबक नसेल तर तो डिस्ट्रिब्युटरच्या आत नाहीतर इंजिनाच्या पत्र्यांच्या खाचेत पडणार म्हणजे पडणारच. माझा पत्र्यात पडला. टॉर्च, आरसा, सायकलच्या स्पोकला चिकटवलेला लोहचुंबक, सगळं झालं तेव्हा मिळाला. तर आधी चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर आणा आणि खाली एक फडकं कोंबून ठेवा, बाकी सगळं फिटिंग याच्यापुढे किरकोळ आहे.

पॉइंटच्या जागी मॉड्यूल, म्हणजे सेन्सरवाली काळी डबी, बसतं. शाफ्टवर, रोटरच्या खाली, एक प्लास्टिकची रिंग दाबून बसवायची, तिच्यात चार छोटे मॅग्नेट असतात. मॅग्नेट सेन्सरसमोरून गेला की करंट तुटतो, म्हणजे कॅमचं काम मॅग्नेट करतो आणि घासायला काही उरतच नाही. बाहेर दोन वायरी येतात, लाल कॉइलच्या 15 नंबरला (चावीकडून येणारा प्लस) आणि काळी 1 नंबरला (मायनस). उलट लावू नका, मॉड्यूल जागच्या जागी जातं. कंडेन्सरची वायर सोडवली पण कंडेन्सर मी तिथेच ठेवला, का ते पुढे सांगते.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजणं कोणी करत नाही पण कराच. माझ्या किटला चार सिलिंडरसाठी 3 ओहमच्या आसपासची कॉइल लागते, जुनी कॉइल मल्टिमीटरवर 3.1 आली म्हणून ती तशीच ठेवली. कमी ओहमची "जास्त पॉवरवाली" कॉइल कोणी गळ्यात मारली तर करंट जास्त ओढला जातो आणि मॉड्यूल भाजतं. आणखी एक, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसायचं नाही. 12 व्होल्टला 3 ओहम म्हणजे 4 अँपिअर, जवळपास 48 वॅट, एखाद्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता कॉइलमध्ये नुसती शिजत राहते. माझ्या मुलीला हे समजवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

टायमिंग परत करावंच लागतं हेही लक्षात ठेवा. पॉइंट ज्या क्षणी उघडत होते त्याच क्षणी मॅग्नेट येईल असं नाही, माझं टायमिंग चांगलंच सरकलं होतं. टायमिंग लाइट लावून पुलीच्या खुणेवर परत आणलं. बीटलवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट, काही मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबर सिलिंडरचा स्पार्क मुद्दाम थोडा उशिरा ठेवलेला असायचा, कारण ऑइल कूलरमुळे त्या सिलिंडरला हवा कमी मिळायची आणि तो तापायचा. मॅग्नेट चारही सारख्या अंतरावर असतात, म्हणजे ती सवलत जाते. माझ्या इंजिनात कूलर पुढच्या काळातला, बाजूला सरकवलेला आहे, त्यामुळे मी काळजी केली नाही. जुन्या शराउडवाल्यांनी (इंजिनावर हवा वळवणारं पत्र्याचं आवरण) विचार करावा.

पहिला महिना काय मस्त गेला! सकाळी सेल्फ मारला की अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू, आयडलिंग घड्याळासारखं, सिग्नलला उभी असताना जी हलकी थरथर असायची ती गायब. पिकअप वाढला का? खरं सांगू, नाही. नीट सेट केलेल्या ताज्या पॉइंटवर गाडी जेवढी पळायची तेवढीच पळते. फरक हा की पाच हजार किलोमीटर झाल्यावरही ती तेवढीच पळते. जे लोक हे किट लावून पॉवर वाढली म्हणतात त्यांचे आधीचे पॉइंट किती झिजलेले होते ते विचारा.

आणि मग पावसाळा आला.

रात्री, हेडलाइट चालू, वायपर चालू, आणि गाडी मिस मारायला लागली. दिवसा काही नाही. लाइट बंद केले की ठीक, लावले की परत खक् खक्. मेस्त्रींचं वाक्य आठवलं. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॅप-रोटर बदलला, मॉड्यूलला मनातल्या मनात शिव्या घातल्या, परत करायला डबी शोधून ठेवली. शेवटी एका शनिवारी शांतपणे मल्टिमीटर लावला. बॅटरीवर 12.4 व्होल्ट. कॉइलच्या 15 नंबरवर, चावी ऑन आणि लाइट चालू असताना, 10.1. दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गायब!

बीटलची वायरिंग डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. इंजिन मागे, बॅटरी मागच्या सीटखाली, चावी पुढे. म्हणजे करंट बॅटरीतून निघतो, अख्खी गाडी ओलांडून पुढे जातो, पन्नास वर्षं झिजलेल्या इग्निशन स्विचमधून कसाबसा सटकतो आणि परत अख्खी गाडी ओलांडून मागे कॉइलला येतो. वर त्याच 15 नंबरवरून ऑटो चोक आणि कार्बोरेटरचा आयडल सोलेनॉइडही जेवतायत. पॉइंट म्हणजे नुसतं लोखंडी स्विच, त्यांना 10 व्होल्ट मिळाले तरी ते मुकाट्याने उघडझाप करत होते, स्पार्क जरा कमजोर एवढंच. मॉड्यूलला मात्र स्वतः जगायलाच ठराविक व्होल्टेज लागतं, ते मिळालं नाही की ते झोपतं. माझी वायरिंग कित्येक वर्षं आजारीच होती, पॉइंट ते झाकून घेत होते.

उपाय अगदी साधा निघाला. मागे कॉइलजवळ एक रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावला, बॅटरीतून फ्यूजसकट सरळ जाड वायर आणली आणि चावीकडून येणारी जुनी वायर फक्त रिले चालू करायला वापरली. आता लाइट, वायपर सगळं चालू असताना कॉइलवर 12 च्या वर मिळतात. मिसिंग त्या दिवसापासून बंद. त्याच झटक्यात स्टार्टरच्या सोलेनॉइडलाही एक रिले दिला, कारण इंजिन गरम असताना चावी फिरवली की नुसतं "टक्" व्हायचं तेही याच दुखण्याचं भावंड. खरं तर हे दोन रिले मी किट घ्यायच्या आधी लावले असते तर कदाचित आणखी दोन वर्षं पॉइंटवरच खूश राहिले असते.

डायनॅमोचंही सांगून टाकते कारण सगळे विचारतात. माझा मूळचा 30 अँपिअरचा डायनॅमो अजून आहे. ट्रॅफिकमध्ये लाल दिवा मिणमिणतो, कारण आयडलिंगला तो जेमतेम काहीतरी देतो. हॅलोजनचे दोन 60 वॅटचे बल्ब लावले की एवढ्यानेच 10 अँपिअर गेले, मग वायपर, इग्निशन. माझ्या हिशोबाने रोजच्या गाडीला इग्निशनपेक्षा अल्टरनेटर आधी हवा, मी क्रम चुकवला. पुढचा नंबर त्याचाच. पुढे डिस्क ब्रेक लावायचा मोह मात्र अजून आवरलाय. 1966 साली आलेल्या 1500 बीटलला कंपनीनेच पुढे डिस्क दिले होते, म्हणजे तसं काही वावगं नाही, पण माझे ड्रम नीट ॲडजस्ट केलेले असतात आणि ब्रेक एका बाजूला खेचत नाहीत, तोवर थांबते.

"क्लासिक गाडीत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे पाप" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त एवढंच की ही गाडी मेक्सिकोत 2003 पर्यंत बनत होती आणि शेवटच्या दहाएक वर्षांत तिला फ्युएल इंजेक्शन होतं. बनवणाऱ्यांनीच सोडलं ते आपण का कवटाळायचं. आणि बाहेरून काही दिसतही नाही, कॅप लावली की कोणाला कळतंय. कळलीच तर ती जास्तीची लाल वायर कळते, तीही मी काळ्या स्लीव्हमध्ये घातलीय.

आवडलं नाही ते म्हणजे किटबरोबरची वायर फार पातळ आणि आखूड, लग (वायरीच्या टोकाचे जोड) इतके हलके की पहिल्याच दाबात एक तुटला. सूचनांचा कागद जेमतेम, त्यात व्होल्टेज मोजा अशी एक ओळही लिहिलेली नाही, ते लिहिलं असतं तर माझा पावसाळा वाचला असता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मेस्त्री बरोबर होते. पॉइंट मरायच्या आधी आठवडाभर कुरकुरतात, मॉड्यूल एका क्षणी चालू असतं आणि पुढच्या क्षणी नसतं. माझं अजून गेलेलं नाही, 22,000 किलोमीटर झाले, पण रस्त्याच्या कडेला त्याच्यावर मला काहीच करता येणार नाही हे मला माहीत आहे.

म्हणून डिकीत, म्हणजे पुढे, टूलकिटमध्ये एक पत्र्याची डबी असते. त्यात नवीन पॉइंटचा सेट, दोन जास्तीचे स्क्रू, 0.4 चं फिलर गेज आणि थोडं ग्रीस, कारण दोन वर्षं कॅमवर काही घासलेलंच नाही आणि कोरड्या कॅमवर फायबर दोन दिवसांत झिजेल. कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरवर तसाच आहे, वायर जोडली की झालं. एकदा घरासमोर घड्याळ लावून परत पॉइंटवर यायची तालीमही केली, चौदा मिनिटं लागली. टायमिंग अंदाजाने ठेवलं होतं तरी गाडी घरी येण्याइतकी चालली.

पाचपैकी चार. एक त्या वायरीसाठी कापला. घेणार असाल तर आधी रात्री लाइट लावून कॉइलवर व्होल्टेज मोजा, 11.5 च्या खाली आलं तर पैसे किटवर नाही, रिलेवर घाला.

हं, आणि मेस्त्रींनी मागच्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीसाठी हेच किट मागवलं. मी काही बोलले नाही, फक्त मल्टिमीटर नेऊन दिला.