वळवाची वीज, लाइनमन आणि 1,800 रुपये

मे महिन्यातला वळीव. रंकाळ्याकडं वीज कडाडली आणि आमच्या फुलेवाडीच्या घरातला लँडलाइन फोन मुका झाला. मॉडेमची पिन काळी पडलेली, खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास.

लाइनमन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. खांबापासून भिंतीवरच्या डबीपर्यंतची तार कंपनीची, ती त्यानं फुकट बदलली. डबीपासून पुढं घरातलं मात्र सगळं आमच्यावर: मॉडेमचे 1,800, सासूबाईंच्या खोलीतला फोन वेगळाच. मॉडेम भाड्यानं घेतला असता तर त्यांनीच बदलून दिला असता. हे कनेक्शन देताना सांगायला नको? याचा मला खरंच राग आहे.

लाइनमनचं काम एकदम चोख. जाताना म्हणाला, "काकू, ढग गडगडाय लागलं की प्लग बी काढा आन् फोनची वायर बी."