मानेच्या शस्त्रक्रियेचे बिल आणि टाचणीएवढी खूण

गेल्या पावसाळ्यात माझी मान आखडली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येऊ लागल्या. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील चकती सरकून नस दाबत असल्याचे दिसले. तो अहवाल घेऊन मी पुण्यातील एका मोफत मणका शिबिरात गेलो. तेथील डॉक्टरांनी माझ्या हाताची पकडही न तपासता, फिल्म उजेडाकडे धरून, "उशीर केलात तर हात लुळा पडेल" असे बजावले आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे १ लाख ८० हजारांचे पॅकेज सांगितले. घाबरून आम्ही त्याच संध्याकाळी ५० हजार भरले.

शस्त्रक्रियेच्या वेळी मी पूर्ण जागा होतो. मानेमागची जागा बधीर केली होती आणि डॉक्टर सहायकाशी क्रिकेटवर बोलत होते, ते मला ऐकू येत होते. वीसेक मिनिटांत सारे आटोपले. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, टाका एकही नाही. पत्नीने तर डॉक्टरांच्या सफाईचे कौतुकच केले!

तीन आठवडे बरे गेले, मग मुंग्या परतल्या. दुसऱ्या न्यूरोसर्जनांनी मान चाचपून पहिलाच प्रश्न विचारला, "जखम कुठे आहे?" मागच्या बाजूने ही शस्त्रक्रिया करताना दुर्बिणीच्या नळीसाठी साधारण पाऊण सेंटीमीटरचा छेद घ्यावा लागतो व थोडे हाड घासावे लागते. नव्या एमआरआयमध्ये हाड शाबूत होते आणि चकती होती तिथेच. शस्त्रक्रियेऐवजी बहुधा स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असावे, असे त्यांचे मत पडले. नस दबल्याचे असे दुखणे बहुतेकांचे औषधे व व्यायामाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. मात्र शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात आणि तेव्हा वेळ दवडू नये, हेही त्यांनी समजावले. शिबिरात यांपैकी एकही प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. मला ती १९ दिवसांनी मिळाली. शस्त्रक्रियेच्या टिपणात पूर्ण भूल, दीड तासाचा अवधी आणि चकतीचा तुकडा काढल्याची नोंद होती, बिलात भूलतज्ज्ञांचे १८ हजार होते, पण त्या तुकड्याचा पॅथॉलॉजी अहवाल नव्हता. दुर्बिणीला कॅमेरा असतो, म्हणून चित्रीकरण मागितले, तर ते जतन केले नसल्याचे उत्तर आले. कोणत्या मणक्यावर, कोणत्या बाजूने, कोणती भूल देऊन काय करणार आणि चित्रीकरण मिळेल का, हे मी आधीच लेखी मागायला हवे होते.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार दिल्यावर रुग्णालयाने ४० हजार परत देऊ केले आणि सहीसाठी एक पत्र पाठवले. त्याच्या पहिल्याच वाक्यात शस्त्रक्रिया यशस्वीपणे पार पडल्याचे लिहिले होते, म्हणून मी सही केली नाही.