रॅब५ए सांगून अल्ब्युमिन दिले : ४८,११२ रुपये गेले

रिकॉम्बिनंट (जनुकीय तंत्राने बनवलेल्या) ह्यूमन रॅब५ए या प्रथिनाच्या १०० मायक्रोग्रॅमसाठी मी ३८,४०० रुपये मूळ किंमत, १८ टक्क्यांनी ६,९१२ रुपये जीएसटी आणि ‘कोल्ड चेन’च्या नावाखाली २,८०० रुपये, असे एकूण ४८,११२ रुपये एका विक्रेत्याला आगाऊ दिले आणि त्याने मला गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन हे दुसरेच प्रथिन पाठवले. हे सांगताना मान खाली जाते. तरीही सोलापूरसारख्या शहरातून असा माल मागवणाऱ्या प्रत्येकाला हे कळायलाच हवे.

पेशीने बाहेरून आत घेतलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) सुरुवातीच्या एंडोसोमशी, म्हणजे पेशीतल्या कप्प्याशी, जोडल्या जाण्याचे नियंत्रण रॅब५ए करते. जीटीपी हा रेणू बांधलेला असताना ते ईईए१ या दुसऱ्या प्रथिनाला धरते, आणि हेच बंधन तपासण्यासाठी माझ्या विद्यार्थिनीला शुद्ध प्रथिन हवे होते. नामांकित कंपनीच्या वितरकाचे कोटेशन ७१,५०० रुपयांचे, मुदत दीड-दोन महिन्यांची, आणि अनुदान ३१ मार्चला परत जाणार. अशा वेळी जीएसटी क्रमांक, कॅटलॉग, सीओए (मालाच्या तपासणीचे प्रमाणपत्र) सगळे समोर ठेवणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. शंभर टक्के आगाऊ मागणाऱ्याला मात्र यापुढे कोणीही एक रुपया देऊ नये.

खोके उघडले तो क्षण आठवला की आजही जीव जळतो. थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस नव्हता, जेल पॅक पार कोमट झाले होते आणि कुपीच्या तळाशी पांढरी, सुटी भुकटी होती. लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेली) प्रथिने साध्या तापमानालाही पाठवतात, त्यामुळे कोमट पॅकचे काही वाटले नाही. पण सोबतच्या सीओएवर बफरमध्ये १० टक्के ग्लिसरॉल असल्याचे छापले होते, आणि ग्लिसरॉल असलेले द्रावण अशी कोरडी भुकटी कधीच देत नाही, ते चिकटच राहते. कागद एका मालाचा आणि कुपी दुसऱ्याच मालाची, हे त्या एका ओळीत उघड दिसत होते. ‘नवा लॉट लायोफिलाइज्ड आहे, कागद चुकून जुन्या लॉटचा लागला,’ असे विक्रेत्याने फोनवर शांतपणे सांगितले, आणि लेखा विभाग बिलासाठी तगादा लावत असताना ते पटण्यासारखेच होते. कुपीवरचा लॉट क्रमांक सीओएशी जुळत नसेल तर स्टॉक रजिस्टरवर सही करू नका.

एसडीएस-पेजवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, रॅब५एच्या जागी, २४ किलोडाल्टनजवळ, काहीच नव्हते. ६६ जवळ एकच जाड पट्टी होती. ‘कॅरिअर (थोडे प्रथिन टिकावे म्हणून घातलेले भरीचे प्रथिन) म्हणून बीएसए, म्हणजे गायीचे अल्ब्युमिन, घालतातच,’ असे विक्रेत्याचे उत्तर आले. घालतात, आणि त्याच्या आडोशाने थोडे प्रथिन जेलवर दिसत नाही, हेही खरे; म्हणून रॅब५ची अँटीबॉडी लावून वेस्टर्न ब्लॉट (अँटीबॉडीने ठरावीक प्रथिन शोधण्याची चाचणी) केला. तोही कोरा निघाला. परिचितांच्या प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंच्या वस्तुमानावरून ओळख पटवण्याच्या तपासणीत) सगळे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे तुकडे, गायीच्या अल्ब्युमिनचे सापडले, आणि मी अहवाल पाठवताच विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. ऑर्डरवर ‘कॅरिअर-फ्री’ असे स्पष्ट लिहून घ्या.

पोलीस ठाण्यात आधी, प्रोटीन म्हणजे व्यायामशाळेतली पावडर का, असे विचारले गेले आणि मग, ‘मॅडम, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ म्हणून अर्ज परत दिला. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, हे मी तिथे वाचून दाखवले. तरी हा दिवाणी वाद आहे, एवढेच ऐकावे लागले. ग्राहक तक्रारीसाठी गेले तर संस्थेची खरेदी म्हणजे व्यावसायिक, असे सांगून दारातूनच वाटेला लावले. पीएचडीच्या कामासाठी घेतलेल्या प्रथिनावर कोण कसला नफा कमावतो? कर कार्यालयाने विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक चालू आहे, म्हणजे आमच्याकडून काही अडचण नाही, असे कळवले. आमच्याच लेखा विभागाने मात्र तत्परता दाखवली: रजिस्टरवर सही माझी, म्हणून वसुलीही माझ्याच पगारातून. खोटा माल विकणारा मोकळा आणि अहवाल घेऊन फिरणारी मी आरोपी असल्यासारखी! पैसे गेल्याचा संशय येताच, पहिल्या काही तासांतच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; आमचे निदान होईपर्यंत ती वेळ निघून गेली होती.

उरलेली भुकटी सीलबंद ठेवली आहे, आणि तुम्हीही कुपी संपवू नका. पुरावा तोच असतो. त्या विक्रेत्याच्या यादीत रॅब७ए आणि रॅब११ए अजून विक्रीला आहेत. मागवण्याच्या विचारात असाल तर जेलची छायाचित्रे आणि मासचा अहवाल मी देईन.