एक संग्रह, दोन आवडी: तारे फाइलमध्ये द्यावेत की सर्व्हरवर?

घरातला गाण्यांचा संग्रह एकाच नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) किंवा हार्डडिस्कवर असतो आणि ऐकणारे दोघं असतात. किशोरी आमोणकरांचा एखादा खयालाचा अल्बम एकाला पाच ताऱ्यांचा वाटतो. दुसऱ्याच्या लेखी तो दोनाच्या वर जात नाही, कारण त्याच रागाची मैफिलीतली ध्वनिमुद्रणं त्याला कितीतरी सरस वाटतात. आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात. प्रश्न एवढाच, की ही दोन मतं ठेवायची कुठे? वाटा दोन आहेत. एक, तारे फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच असणाऱ्या माहितीच्या नोंदींत, लिहायचे. दुसरी, संग्रह नॅव्हिड्रोमसारख्या, घरच्या यंत्रावर चालून फोन-संगणकावर गाणी पोचवणाऱ्या सर्व्हरवर चढवायचा, प्रत्येकाला स्वतःचं खातं द्यायचं आणि तारे तिथल्या डेटाबेसमध्ये राहू द्यायचे. दोन्ही वापरून झाल्यावर मी दुसऱ्या वाटेला लागलो. तरी काही बाबतीत पहिलीला तोड नाही, हे मान्य करायला हवं.

टॅगचा मोठा गुण म्हणजे मत गाण्याबरोबर राहतं. फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर टाका, संगणक बदला, प्लेअर बदला, तारे फाइलला चिकटलेले असतात. वेगळा डेटाबेस सांभाळावा लागत नाही. संग्रह एकट्याचा असेल तर मी डोळे झाकून हाच सल्ला देईन.

दोघांसाठीही कागदावर सोय आहे. एमपी३ च्या आयडी३ टॅगमध्ये ‘पॉप्युलॅरिमीटर’ नावाची फ्रेम (नोंदीचा कप्पा) असते. तिच्यात तीन गोष्टी मावतात: ऐकणाऱ्याचा ईमेल, १ ते २५५ मधलं गुणांकन (शून्य म्हणजे मत दिलेलं नाही) आणि किती वेळा वाजलं त्याचा आकडा. एका फाइलमध्ये अशा अनेक फ्रेम चालतात, फक्त प्रत्येकीतला ईमेल वेगळा हवा. म्हणजे एका गाण्यावर अनेकांची मतं असणार, हे प्रमाण ठरवणाऱ्यांनी आधीच धरलं होतं.

अडतं ते प्लेअरपाशी. ईमेलच्या जागी बहुतेक प्लेअर एक ठरावीक मजकूर लिहितात. विंडोज मीडिया प्लेअर तिथे ‘विंडोज मीडिया प्लेअर ९ सीरीज’ असं स्वतःचंच नाव घालतो आणि पाच ताऱ्यांसाठी १, ६४, १२८, १९६, २५५ हे आकडे वापरतो. जुळवून घ्यायचं म्हणून इतर अनेकांनी हीच पद्धत उचलली. माणसाची ओळख यायला हवी तिथे सॉफ्टवेअरची ओळख आली. परिणाम असा, की दोघं एकाच प्लेअरमधून तारे देत असतील तर फ्रेम एकच राहते आणि शेवटी ज्याने दिले त्याचे तारे उरतात.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. मत पुसलं जाणं वाईट आहेच, पण पुसलं गेलं हे कळतच नाही, त्याचा त्रास जास्त. पडद्यावर तीन तारे दिसतात. ते कोणाचे, कधी दिलेले, त्याआधी तिथे काय होतं, यातलं काही सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. दुसऱ्याचे पाच तारे आधीच समोर दिसत असले की आपलं मत मोकळं राहत नाही. मनात दोन असतात आणि हाताने तीन दिले जातात. मग तोही पाचावरून चारावर येतो. वर्षभरात निम्मा संग्रह तीन-चार ताऱ्यांवर येऊन बसतो आणि ते मत दोघांपैकी कोणाचंच नसतं.

यावर तोडगा निघतो. एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाच्या नावाचं वेगळं फील्ड तयार करायचं आणि त्यात १ ते ५ आकडा लिहायचा. फूबार२००० या प्लेअरमध्ये ती दोन फील्ड शेजारी-शेजारी स्तंभात दाखवता येतात, म्युझिकबी या प्लेअरमध्येही स्वतःची टॅग जोडता येतात. संगणकासमोर बसून ऐकणाऱ्यांना हे पुरतं. फोनवरच्या अॅपला मात्र असली घरगुती फील्ड सहसा दिसत नाहीत, आणि गाणं चालू असताना एका टिचकीत तारा द्यायची सोय जाते. ती गेली की मत द्यायचं राहूनच जातं.

फ्लॅकची (दर्जा न घटवता साठवलेल्या ध्वनिफाइलींची) गोष्ट थोडक्यात: तिथे ताऱ्यांचं ठाम प्रमाणच नाही. कोणी ‘रेटिंग’ फील्डमध्ये ४ लिहितं, कोणी त्याच अर्थाने ८०. पिकार्ड हा टॅग लावणारा प्रोग्रॅम फील्डच्या नावापुढे ईमेल जोडतो. विचार म्हणून ते सर्वांत शहाणं आहे, पण ते फील्ड ओळखणारे प्लेअर थोडेच. एमपी३ आणि फ्लॅक मिसळलेले असतील तर तारे फाइलमध्ये ठेवण्याआधी दोन्ही प्रकारची पाच-पाच गाणी घेऊन आपले सगळे प्लेअर तपासून पाहा.

फाइलमध्ये लिहिण्याचा एक छुपा धोका बॅकअपमध्ये आहे. फ्लॅक एन्कोडर (फ्लॅक फाइल बनवणारा प्रोग्रॅम) सहसा टॅगसाठी ८ केबी मोकळी जागा सोडतो. तारा त्या जागेत बसतो, त्यामुळे फाइलचा आकार बदलत नाही. त्यातच टॅग एडिटरमध्ये ‘फाइलची तारीख जपा’ हा पर्याय चालू असेल, तर आकार तोच आणि तारीखही तीच. बॅकअपसाठी वापरला जाणारा आरसिंक नेहमीच्या पद्धतीत या दोनच गोष्टी पाहतो, त्यामुळे ती फाइल बदललीच नाही असं समजून पुढे जातो. तारे बॅकअपमध्ये पोचतच नाहीत. चेकसमचा (फाइलच्या आतला मजकूर पडताळण्याचा) पर्याय लावला तर पोचतात, पण मग प्रत्येक वेळी सगळा संग्रह वाचला जातो. तारीख जपायची नाही असं ठरवलं तर दुसरी अडचण येते. फोल्डर जुळते ठेवणाऱ्या सिंकथिंगने दोन संगणकांवर संग्रह ठेवला असेल आणि दोघांनी एकाच गाण्याला साधारण एकाच सुमारास तारे दिले, तर ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची दुसरी फाइल तयार होते. यादीत ते गाणं दोनदा दिसतं. मतभेदाची ही एकच खूण टॅगच्या वाटेवर दिसते, तीही कचऱ्याच्या रूपात.

आता अल्बमकडे. वाद असतो तो बहुधा अल्बमवर, आणि टॅगमधला तारा असतो गाण्याचा. आपल्या शास्त्रीय संगीतात हे अंतर फारच जाणवतं. समजा एका अल्बममध्ये २२ मिनिटांचा विलंबित खयाल, ६ मिनिटांची द्रुत बंदिश आणि ५ मिनिटांचं भजन आहे. खयालाला पाच तारे दिले, बाकी दोघांना दोन-दोन. सरळ सरासरी ३. मिनिटांच्या हिशेबाने सरासरी काढली तर १३२ भागिले ३३, म्हणजे ४. आणि ज्याने तो अल्बम त्या खयालासाठीच जपून ठेवलाय, त्याचं मत ५. तिन्ही आकडे वेगळे, आणि वाद घालताना माणूस तिसऱ्याबद्दल बोलत असतो. म्युझिकबीमध्ये अल्बमसाठी वेगळं रेटिंग आहे, पण फाइलमध्ये लिहायचं म्हटलं की ते प्रत्येक गाण्याच्या टॅगमध्ये पुन्हा पुन्हा लिहिलं जातं. कॅसेटची राहिलेली बाजू नंतर रूपांतरित करून जोडली की त्या फाइली रिकाम्या राहतात.

सर्व्हरवर हा गुंता मुळातच नाही. नॅव्हिड्रोम गाणं, अल्बम आणि कलाकार या तिघांना वेगवेगळे तारे देऊ देतो, आणि डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीत कोणत्या खात्याने, कशाला, किती तारे दिले, किती वेळा ऐकलं आणि शेवटचं कधी ऐकलं हे असतं. आपल्या खात्यातून पाहिलं की आपलेच तारे दिसतात. दुसऱ्याचे पाच डोळ्यांसमोर नाहीत, एवढ्यानेच मत मोकळं होतं. मोजमाप काही केलेलं नाही, पण माझ्या अनुभवात वेगळी खाती झाल्यावर एक आणि पाच ताऱ्यांचे अल्बम वाढले, तीनवाले कमी झाले.

मांडणी करताना संगीताचा फोल्डर सर्व्हरला रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरता) द्या आणि डेटाचा फोल्डर वेगळा ठेवा. सर्व्हर फाइलला हात लावत नाही, त्यामुळे वर सांगितलेली बॅकअपची भानगड संपते. पहिलं खातं व्यवस्थापकाचं असतं. ते ऐकायला वापरू नका. दोघांची दोन साधी खाती उघडा आणि तिसरं ‘दिवाणखाना’ नावाने. बाहेरच्या स्पीकरवर किंवा टीव्हीवर तेच खातं चालवायचं आणि त्यावरून तारे कधीच द्यायचे नाहीत. हे केलं नाही तर पाहुणे आल्यावर सहा तास वाजलेली गाणी ज्याचं खातं चालू होतं त्याच्या नावावर चढतात, आणि ‘सर्वाधिक ऐकलेले’ ही यादी बिघडते. फोनवरचं अॅप निवडताना त्यात अल्बमला तारे देता येतात का ते पाहा. काहींत फक्त बदामाचं चिन्ह असतं. बदाम म्हणजे आवडलं, एवढंच. नावड नोंदवायला तारेच लागतात.

उणिवाही आहेत. अर्धा तारा नाही. टॅगमधले जुने तारे सर्व्हर आपोआप उचलेल असं धरून चालू नका, नव्याने द्यायची तयारी ठेवा. आणि सगळी मतं एका डेटाबेस फाइलमध्ये असल्यामुळे ती गेली की सगळंच गेलं. सर्व्हर चालू असताना ती फाइल नुसती कॉपी केली तर प्रत अर्धवट निघू शकते, कारण ताज्या नोंदी शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये असतात. एकतर सर्व्हर थांबवून कॉपी करा, नाहीतर नॅव्हिड्रोमचा स्वतःचा बॅकअप पर्याय चालू करा: जागा, वेळापत्रक आणि किती प्रती ठेवायच्या, एवढंच सांगावं लागतं. त्या बॅकअपमध्ये गाणी नसतात, फक्त डेटाबेस असतो.

दुसरी जोखीम ओळखीची. ०.५५ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये गाण्याची ओळख फाइलच्या पत्त्यावर ठरत होती, फोल्डर हलवला की तारे गळत. आता ओळख टॅगवरून ठरते. अल्बमसाठी म्युझिकब्रेन्झचा (ऑनलाइन संगीत-माहितीकोशाचा) क्रमांक असेल तर तो, नसेल तर अल्बमचा कलाकार, अल्बमचं नाव, आवृत्ती आणि प्रकाशनाची तारीख. हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या कॅसेटी म्युझिकब्रेन्झवर बरेचदा सापडत नाहीत, तेव्हा भार नावांवर येतो. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ हे सर्व्हरच्या लेखी तीन गायक. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नावं एकसारखी करा, वर्ष नक्की करा, म्युझिकब्रेन्झवर असेल तर पिकार्डने क्रमांक लावा, आणि मगच तारे द्यायला बसा. तारे देऊन झाल्यावर नावं बदलली तर ओळख बदलते आणि तारे सुटण्याचा धोका राहतो.

कारण लिहायला मात्र सर्व्हरवर जागा नाही. ‘तंबोरा मागे पडलाय’, ‘कॅसेटची दुसरी बाजू मंद चालते, स्वर अर्ध्या श्रुतीने उतरलाय’ अशी टिपणं ताऱ्यांपेक्षा मोलाची असतात. यातलं दुसरं टिपण मत नाही, त्या प्रतीबद्दलची माहिती आहे. ते फाइलच्या कॉमेंटमध्येच जायला हवं, दोघांनाही उपयोगी पडतं. पहिल्यासाठी एक सामायिक शीट पुरेशी आहे: अल्बम, कोणाचं मत, दोन ओळी, तारीख. फाइलमध्ये वस्तूची माहिती, मत बाहेर, ही वाटणी एकदा केली की टॅग कोणी बदलावेत यावरूनही वाद होत नाहीत.

संग्रह पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचा असेल, घरात चोवीस तास चालू राहणारं यंत्र नसेल, किंवा दुसरी व्यक्ती नुसती ऐकते, तारे देण्यात तिला रस नाही, तर टॅगवरच थांबा. उगाच सर्व्हरची देखभाल अंगावर घेण्यात अर्थ नाही. दोघंही तारे देणार असतील तर मात्र माझा कल स्पष्ट आहे.

एक गोष्ट सर्व्हरवरच जमते आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते: मतं कुठे फाटतात ते शोधून काढणं. नॅव्हिड्रोमच्या स्मार्ट (नियमांवरून आपोआप बनणाऱ्या) यादीत तारे यादीच्या मालकाचेच धरले जातात, म्हणून त्यातून दोघांची तुलना होत नाही. डेटाबेसच्या प्रतीवर (मूळ फाइलवर नाही) एसक्यूलाइट (हा डेटाबेस त्याच प्रकारचा असतो) उघडणाऱ्या कुठल्याही साधनाने ‘अ‍ॅनोटेशन’ हा तक्ता स्वतःशीच जोडा: वस्तू तीच, प्रकार अल्बम, खाती वेगळी, ताऱ्यांतला फरक ३ किंवा जास्त. दोन्हीकडचे तारे शून्यापेक्षा मोठे असावेत ही अट विसरू नका. शून्य म्हणजे मत दिलेलंच नाही. ती अट नसेल तर एकाला आवडलेला आणि दुसऱ्याने अजून लावलेलाच नसलेला प्रत्येक अल्बम भांडणाच्या यादीत येतो. अट घातल्यावर यादी आटोपशीर होते. मग त्यातला एक अल्बम काढून ज्या गाण्यावर फरक सर्वांत जास्त आहे तिथून दिवाणखान्यातल्या खात्यावर लावा, म्हणजे ते ऐकणं दोघांपैकी कोणाच्याच आकड्यात मोजलं जात नाही.