वावरातल्या मोटरसाठी मोबाईल स्टार्टर: कॉल करून बटण दाबायचा की मेसेजवर चालणारा?

थ्री फेज लाईन रात्रीच्या पाळीत आली की ओलितासाठी अंधारात विहिरीवर जावं लागतं. ती चक्कर वाचवणारे डबे, म्हणजे मोबाईल स्टार्टर, दोन प्रकारचे मिळतात. किमतीपेक्षा आदेश डब्यापर्यंत कसा पोचतो, ते आधी बघा.

कॉलच्या डब्यात तुम्ही फोन लावता, डबा तो आपोआप उचलतो आणि तुम्ही कीपॅडचं बटण दाबता. प्रत्येक बटणाचे दोन सूर एकदम वाजतात. आडव्या ओळींचे 697, 770, 852 आणि 941 हर्ट्झ, उभ्या रांगांचे 1209, 1336 आणि 1477. म्हणजे 5 दाबलं की 770 आणि 1336. नेमकी अशी जोडी बोलण्यात किंवा मोटरच्या घरघरीत सहसा जमत नाही, म्हणून हे आकडे निवडलेत. जोडी साधारण 40 मिलिसेकंद सलग ऐकू आली, तरच डब्यातली एमटी 8870 सारखी चिप ते बटण धरते.

अडचण रेंजची. टूजीवर बटण दाबलं की फोनकडून नेटवर्कला फक्त निरोप जातो, सूर नेटवर्क तयार करतं. तिथून डब्यापर्यंत तो बोलण्याच्या आवाजासारखाच आकसून (कॉम्प्रेस करून) पाठवला जातो. रेंज कमी असली की सूर मध्येच तुटतो, मग बटण लागतच नाही किंवा एकदा दाबलेलं दोनदा लागतं. म्हणून एकाच बटणाने चालू-बंद होणारा डबा घेऊ नका. त्यात तोच आकडा दोनदा गेला की मोटर चालू होऊन लगेच बंद पडते. चालूला 1, बंदला 2 असे वेगळे आकडे हवेत. बटण अर्धा सेकंद दाबून धरा.

मेसेजच्या डब्याला ‘चालू’ किंवा ‘बंद’चा मेसेज पाठवायचा. मेसेजला एक दांडी रेंजही पुरते, ही त्याची मोठी सोय. पण डब्याची बॅटरी उतरलेली असेल तर मेसेज नेटवर्ककडे थांबून राहतो आणि डबा जागा झाल्यावर पोचतो. सकाळी स्टार्टर उघडून कुणी वायर आवळत असताना रात्रीचा ‘चालू’ लागू झाला, तर जीव जाऊ शकतो. कॉल असा उशिरा लागू होत नाही. विहिरीवर कॉल मिनिटभर टिकत असेल, तर माझं मत कॉलच्या डब्यालाच. टिकत नसेल तर मेसेजचा घ्या, पण जुना मेसेज वेळ पाहून टाकून देणारा. डबा कोणताही असो, मोटरला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचाच.

सिम डब्यात टाकण्याआधी साध्या टूजी फोनमध्ये घालून विहिरीवर संध्याकाळी आणि लाईन गेल्यावर कॉल लावून बघा. टूजी मॉड्यूलच्या (डब्यातला सिम चालवणारा भाग) डब्यात जिओचं सिम चालत नाही. अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर, उंच लावा. मॉड्यूल क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं, त्यामुळे हलका अडॅप्टर असला की डबा ऐन कॉलमध्ये रीसेट होतो. आदेश फक्त नोंदवलेल्या नंबरांवरूनच घेणारा डबा पाहा. फेज गेल्यावर आणि विहीर कोरडी पडल्यावर मोटर बंद करणारं संरक्षण दोन्ही प्रकारांत लागतंच. रिचार्जची मुदत संपली की इनकमिंगही थांबतं, म्हणून पेरणीआधी तारीख पाहून घ्या.