महामार्गावर बंदीची खूण की पांदणीची नोंद?
ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही सुधारता येणाऱ्या नकाशाने सुचवलेला पायी मार्ग हिंगणघाटजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वरून जात असेल, तर दोन उपाय आहेत. झटपट उपाय म्हणजे नकाशात महामार्गाला 'फूट=नो' (पायी जायला मनाई) ही खूण लावणं. पण ही खूण कायद्याने बंदी असेल तिथेच लावायची. समृद्धी महामार्गावर ती रास्त, एरवी खोटी नोंद. शिवाय दुसरी वाट नकाशात नसेल तर मार्गच तुटतो.

दुसऱ्याला वेळ लागतो, तरी मला तोच पटतो. कपाशीच्या वावरांमधली पांदण, म्हणजे शेतवाट, 'हायवे=ट्रॅक' म्हणून काढा आणि गावरस्त्याला जोडा. जोडबिंदू सुटला तर वाट नकाशावर दिसते, पण मार्ग तिच्यावरून निघत नाही. महामार्गाला 'साइडवॉक=नो' (पदपथ नाही) एवढं खरं तेच लिहा. आणि पांदणीचा 'सरफेस' (वाटेचा पृष्ठभाग) भराच, आपली काळी माती आहे! नाहीतर जुलैत नकाशा माणसाला गुडघाभर चिखलात नेईल.