घरून टेलिकॉलिंग : पगारावर की कमिशनवर?

धाकट्या नणंदेने परवा दोन जाहिराती पाठवल्या. “वहिनी, यातली कुठली धरू?” दोन्ही घरूनच, दिवसाला 4 तास. एकीत महिन्याला 8 हजार ठरलेले. दुसरीत पगार नाही, पण प्रत्येक विक्रीमागे 500 रुपये आणि ‘महिना 25 हजार सहज’ असं वचन. मी दोन्ही तऱ्हेची कामं केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पगारी कामात कंपनी लॉगिन देते. हेडसेट लावला की डायलर स्वतःच नंबर लावत सुटतो, एक कॉल संपतो तोवर दुसरा येतो. पाणी प्यायला उठायचं तरी ब्रेक टाकावा लागतो आणि त्याची मिनिटं मोजली जातात. कॉल रेकॉर्ड होतात, मागे कुकरची शिट्टी किंवा “आई, माझा डबा!” ऐकू आलं की मार्क कापतात. मी बेडरूमच्या दाराला आतून गोधडी अडकवायचे आणि शिफ्टच्या आधी वरणभात उरकून ठेवायचे. घरी असूनही ते 4 तास घराच्या कामाचे नसतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

कमिशनच्या कामात वेळ आपल्या हातात. सकाळी 2 तास, दुपारी 2. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर ही फार मोठी सोय आहे. पण हिशेब बघा. माझ्या वहीतला एक दिवस : कॉल 90, उचलले 34, शेवटपर्यंत ऐकून घेतलं 6 जणांनी, विक्री शून्य. त्या अख्ख्या आठवड्यात विक्री झाली 1. पंचवीस हजारांसाठी महिन्याला 50 लागतात. त्यातही ग्राहकाने नंतर रद्द केलं तर कमिशन परत कापलं जायचं.

तरीही पैशापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती नंबरची. कमिशनवाले बहुतेकदा नंबरांची यादी पाठवतात आणि म्हणतात, तुमच्याच मोबाइलवरून लावा. नियमाने विक्रीचे कॉल नोंदणी केलेल्यांनीच करायचे, तेही 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून. साध्या 10 आकडी सिमवरून केले की तुम्ही बिगरनोंदणीकृत टेलिमार्केटर ठरता. लोक 1909 वर तक्रार करतात. पूर्वी 7 दिवसांत 10 तक्रारी झाल्यावर कारवाई व्हायची. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी 2025 मध्ये नियम बदलून 10 दिवसांत 5 तक्रारी पुरेशा केल्या. यादीतल्या किती जणांनी डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद) घेतलंय, हे आपल्याला कुठून कळणार?

माझ्या बाबतीत हेच झालं. एका रात्री मुलाला ताप भरला, डॉक्टरांना फोन लावायला घेतला तर आउटगोइंग बंद. नवरा गावाला. शेजारच्या काकूंच्या फोनवरून डॉक्टर गाठले. बँक, गॅस, शाळा, सगळं त्याच नंबरला जोडलेलं होतं. ज्यांच्यासाठी कॉल केले त्यांनी हात वर केले : “सिम तुमच्या नावावर आहे, मॅडम.”

रजिस्ट्रेशन किंवा किटचे पैसे आधी मागितले तर पगारी असो वा कमिशनचं, सोडून द्या. भरून बसला असाल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

नणंदेला मी 8 हजारांचंच धर म्हटलंय. फक्त ट्रेनिंगच्या दिवसांचे पैसे मिळतात का आणि नेट गेलं तर तो वेळ पगारातून कापतात का, हे लेखी विचारून घे. कमिशनचं काम मी एकाच अटीवर सुचवेन : कॉल कंपनीच्या लॉगिनवरून लागणार असतील आणि यादीत स्वतःहून चौकशी केलेलेच लोक असतील तर. असं काम मला एकदाच मिळालं होतं, कोचिंग क्लासच्या प्रवेशांचं. पालक आपणहून विचारायचे, “मॅडम, बॅच कधी सुरू होतेय?”